नादीन फिरायला जायची तेव्हा

नादीन स्टोव्हॉल आणि तिचा नवरा लाइल आमच्या रेडवूडच्या उंच झाडांच्या रानात कॅम्पचे राखणदार होते. फाटकाशी त्यांचा राहायचा ट्रेलर, चाकांवरचं घरच ते, त्याला लागून माझं जळणाचं दुकान. शेकोट्यांची राख उपसायची, संडास धुवायचे, तंबूवाल्यांना जागा दाखवायची, सगळं नादीन करायची. लाइल खुर्ची टाकून बियर पीत बसायचा.

झाडांतून ओढ्यापर्यंत चालत जायची तिला फार हौस. तिने नुसतं नाव काढलं की लाइल पाहुण्यांना ऐकवायचा, "म्हैस हरवली तर शोधायला कोण जाणार? मीच ना!" पाहुणे खो खो हसायचे. एकदा त्याने तिचे नवे बूट शेकोटीत टाकले. वितळलेलं रबर सकाळी तिनेच खरवडलं.

मग लाइलला झटका आला. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली.

तेव्हापासून रोज सकाळी नादीन त्याची चाकांची खुर्ची ढकलत एका थोराड झाडाखाली न्यायची. उन्हाळ्यात तिथे धुकं पानांवरून पावसासारखं ठिबकतं. "बस हं. कंटाळलास तर हाक मार," म्हणायची आणि चालायला निघायची. दुपारी परत यायची तोवर तो निथळत असायचा.

एकदा मी त्याच्यावर ताडपत्री टाकली. तिने ती घडी करून माझ्या हातात दिली. "लाकडांवर टाक. ती भिजली तर पेटणार नाहीत."

"अगं, मरेल तो!"

"इतकी वर्षं मी मेले का?"

जेवताना त्याला शेंगदाण्याएवढे घास भरवत ती सांगायची, आज नेचे कसे डुलत होते, हरणं किती जवळ आली. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं. "रडू नकोस. पाहुणे हसतील."

पानगळीत त्याच्या छातीत कफ भरला. आठवड्यात गेला.

ट्रेलर लाइलच्या नावावर होता. पहिल्या बायकोचा मुलगा गॅरेट ट्रक घेऊन आला.

"सामान काढ."

"गॅरेट, हिवाळाभर तरी राहू दे. कुठे जाऊ मी इथल्या हिवाळी पावसात?"

"कॅम्पवर सगळे बोलतात, माझ्या बापाला तू भिजवून मारलंस. आता तूही भीज."

तिच्या पिशव्या चिखलात ठेवून त्याने ट्रेलर ओढून नेला.

आता ती जवळच्या युरेका शहरात एका मोटेलात चादरी बदलते. मागे एकदा तिला भेटायला गेलो तेव्हा मी म्हटलं, "रविवारी ये ना, ओढ्यापर्यंत जाऊ."

तिने उशीचा अभ्रा झटकला. "नको. तो तिथे बसलेला नसेल तर चालण्यात मजा नाही."