धाकट्याची ओळ

भडक्याला राग यायला कारण लागत नसे. जाळी दुरुस्त करणं हे त्याचं काम. सकाळी धक्क्यावर पाय पसरून बसायचा, जाळ्याचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवायचा आणि सुईच्या प्रत्येक फेऱ्याला कुणाचा तरी उद्धार करायचा. माशाने फाडलं तर माशाचा, खडकाने फाडलं तर नाववाल्याचा आणि काहीच फाटलं नाही तर आज काम नाही म्हणून साऱ्या जगाचा. याची बायको अजून बहिरी कशी झाली नाही, असं शेजारणी म्हणत. बायको म्हणायची, "झाले की कधीच. त्याला सांगितलं नाही एवढंच."

पण संध्याकाळी लिलावाच्या शेडमध्ये गावातले पुरुष गायला जमले, की याच माणसाच्या गळ्यातून असा खर्ज निघायचा की माशांच्या रिकाम्या पेट्या थरथरायच्या. त्याचा धाकटा भाऊ वरच्या पट्टीत गायचा. होडी उलटण्याच्या गाण्यात मधली एक ओळ त्याची एकट्याची होती. मग एका वादळात तो गेला तो आलाच नाही.

या मंडळींचा एक रिवाज होता. समुद्राने नेलेल्या माणसाची ओळ दुसऱ्याने घ्यायची नाही. त्या जागी सगळ्यांनी गप्प उभं राहायचं, ओळ मनात म्हणायची आणि पुढचं कडवं उचलायचं. शिवाय याबद्दल कुठे बोलायचं नाही. अगदी घरातसुद्धा नाही.

अशात शहरातून एक फिल्मवाली आली. गाणाऱ्या मंडळींवर माहितीपट काढायचा होता तिला. गावकऱ्यांनी दाढ्या केल्या, ठेवणीतले शर्ट बाहेर काढले. बर्फवाल्याने तर केसही काळे केले. त्याला गाता येत नव्हतं. त्याचा कारखाना शेडला लागून होता आणि गाणं चालू असताना तो दारात बसून बर्फाच्या नावाने कुरकुरत असायचा, एवढाच त्याचा गाण्याशी संबंध.

गाणं झाल्यावर फिल्मवालीने भडक्याला विचारलं, "काका, मध्येच का थांबता हो तुम्ही?"

"दम घ्यायला," भडका म्हणाला. "म्हातारी माणसं आहोत. अजून काय काय विचारणार आहेस?"

तिने कॅमेरा आवरला.

काही महिन्यांनी ती फिल्म घेऊन आली. शेडमध्ये पांढरी चादर टांगली, सगळा गाव पेट्या पालथ्या घालून बसला. धाकट्याची बायको पुढेच होती. चादरीवर आपापली तोंडं बघून माणसं खूश होती. मग ते गाणं आलं, थांबायची जागा आली आणि तिथे कुणीतरी गायला लागलं. गोड, तयार गळा. पडद्यावर मात्र सगळ्यांची तोंडं मिटलेली.

भडक्याने उठून चादरच खाली ओढली.

"कोण आहे हा?"

"शहरातला गायक," फिल्मवाली घाबरून म्हणाली. "तिथे नुसती बर्फाच्या मशीनची घरघर येत होती, काका. मला वाटलं, जागा रिकामी राहिली, तर—"

"तुला वाटलं? माझ्या भावाच्या जागेवर भाडोत्री माणूस उभा करायला तुला कुणी सांगितलं? उद्या त्याच्या ताटावर बसवशील त्याला!"

फिल्मवालीला काही कळेना. "भाऊ? कुठला भाऊ?"

धाकट्याची बायको उठली. "भाऊजी, हिला सांगितलं होतंत तुम्ही?"

"आपल्यात सांगत नाहीत."

"मग तिला स्वप्न पडणार होतं का?" ती फिल्मवालीकडे वळली. "ती ओळ माझ्या नवऱ्याची. तो बुडाला. म्हणून तिथे कुणी गात नाही."

रिवाज मोडला होता, तोही बाईमाणसाने. पण तिला बोल लावायची कुणाची छाती झाली नाही. भडका चादरीचा बोळा करत उभा राहिला. राग होताच, पण आता तो कुणावर काढावा हे त्याला समजेना.

फिल्मवालीचा चेहरा पडला होता. "मी तो आवाज काढते," ती म्हणाली. "पण त्याच्याखाली मशीनची घरघर आहे, म्हणून तुम्हाला पुन्हा गावं लागेल."

भडका तरातरा शेजारच्या कारखान्यात गेला आणि त्याने मशीनचा खटका खाली ओढला. बर्फवाला मागे धावला. "अरे, सगळा बर्फ वितळेल माझा!"

"वितळू दे."

माणसं रांगेत उभी राहिली. भडक्याने खर्ज लावला. त्या जागेवर सगळे थांबले, आणि पहिल्यांदाच ती जागा पूर्ण शांत होती. पेट्यांवर बसलेल्या बायकांचेही ओठ हलत होते.

फिल्म आता तशीच दाखवतात. नीट कान दिला तर त्या शांततेत लांबून बारीक कुरकुर ऐकू येते, "बर्फ... माझा बर्फ..." फिल्मवाली ती पुसून टाकणार होती. भडका तिच्या अंगावर खेकसला.

"राहू दे. गाताना धाकट्याला रोज हीच कटकट ऐकावी लागायची."