हौसाआजींच्या घरचं मीठ

साताऱ्याहून निघताना शेजारच्या काकूंनी हटकलंच. "पितृपंधरवड्यात कुठं गं निघालीस?" मी म्हटलं, "काकू, पितरांना जेवू घालायला तुम्ही आहात. मला जेवू घालायला जुबेदा आहे." काकू काहीतरी पुटपुटल्या. ते माझ्या कल्याणाचं नसावं, कारण स्वारगेटला उतरेपर्यंत एस.टी. दोनदा बंद पडली.

पुण्याहून लोणावळ्याची गाडी धरली आणि कासारवाडीला उतरले. उतरल्या उतरल्या नाकात शिरतो तो तेलाचा, तापलेल्या लोखंडाचा वास. रुळांपलीकडे कारखान्यांच्या चिमण्या, अलीकडे पत्र्याच्या चाळी आणि मध्येच कुणाचं तरी हट्टानं राखलेलं बाजरीचं शेत. एवढ्यात कुठल्याशा कंपनीचा भोंगा झाला आणि सायकलींचा लोंढा फाटकाशी आला. त्या लोंढ्यात छत्री उघडून, डोक्यावरचा पदर सावरत, जुबेदा उभी होती. तिला पाहताच सगळे सायकलवाले घंटी न वाजवता बाजूनं वळून जात होते. बाईचा दरारा असा!

जुबेदा ही माझी ट्रेनिंग कॉलेजातली मैत्रीण. दोघी एकाच खोलीत राहायचो. पुढे मी साताऱ्यात सरकारी शाळेला चिकटले आणि ही बासष्ट-त्रेसष्टच्या सुमाराला इकडे आली. तेव्हा इथं कारखाने उभे राहत होते आणि कामगारांची पोरं रुळांवर कोळसे वेचत हिंडत होती. हिनं चाळीतली एक खोली घेऊन शाळा काढली. तिच्या भावांनी डोक्याला हात लावला, तिच्या मोहल्ल्यातल्यांनी नाकं मुरडली आणि आमच्या लोकांनी तर "ही पोरांना बाटवणार" म्हणून आधीच जाहीर करून टाकलं. एक तप उलटलं. एकही पोर बाटलं नाही. उलट कासारवाडीची शाळा वाढली, निगडीला नव्या प्राधिकरणात दुसरी निघाली आणि आता चाकणच्या अलीकडच्या एका खेड्यात तिसरी काढायचं हिच्या डोक्यात होतं. "दसऱ्याला पाटीपूजन करून उघडायची," असं तिनं मला ठणकावून सांगितलं.

"मग अडलं कुठं?" मी विचारलं.

"एका म्हातारीपाशी," ती म्हणाली आणि माझी पिशवी उचलून चालू लागली.

त्या संध्याकाळी मला तिच्या शाळेचा नेम पहिल्यांदा पाहायला मिळाला. हे प्रकरण जरा समजावून सांगते. हिच्या शाळेत प्रवेशाला परीक्षा नाही की मुलाखत नाही. मोठ्या बाईंनी, म्हणजे हिनं, त्या मुलाच्या घरी जाऊन स्वयंपाकघरात मुलासमोर बसून जेवायचं. मगच नाव घालायचं. आम्ही चाळीत शांताबाईंच्या घरी गेलो. नवरा दुसऱ्या शिफ्टला गेलेला, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि स्टोव्हवर रटरटणारं कालवण. रोजे चालू होते, म्हणून जुबेदा दिवस मावळेपर्यंत थांबली, खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायली आणि मग मांडी घालून ताटावर बसली. समोर धाकटा मिलिंद डोळे विस्फारून बघतोय, ही बाई खरंच जेवते की काय!

"आमच्याकडं शाळेतलं कुणी कधी जेवलं न्हवतं," शांताबाई दाराशी उभ्या राहून मला हळूच म्हणाल्या. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि मला आग्रहानं भात वाढला.

परत येताना मी जुबेदाला म्हटलं, "हे काय खूळ काढलंयस? मला वाटलं होतं तू मूल्यशिक्षण का काय म्हणतात ते देतेस. सुविचार, प्रार्थना वगैरे."

"सुविचार फळ्यावर राहतात गं," ती म्हणाली. "ज्या घरचं मीठ खाल्लं, त्या घरच्या पोरावर हात उचलता येत नाही. माझ्या वर्गावरच्या बायांनाही हा नेम आहे. आमच्या शाळांत छडीच नाही. आणि पालक शाळेत आला की भेदरतो. पण ज्याच्या घरी आपण जेवलो, तो मान वर करून बोलतो."

आमच्या शाळेत छडीसाठी खास कपाट आहे, आणि त्याची किल्ली माझ्याकडे असते.

दुसऱ्या दिवशी नाशिक फाट्यावरून चाकणची एस.टी. पकडली. भोसरी गेली, मोशी गेली, इंद्रायणीचा पूल गेला आणि कारखाने मागे पडले. दोन्हीकडे बाजरीची कापणी चाललेली, बांधाबांधावर भुईमुगाचे ढीग. ऑक्टोबरचं ऊन मात्र चटके देत होतं. जुबेदाच्या ओठांना कोरड पडलेली दिसत होती. तिच्यासमोर पाण्याची बाटली काढायची मलाच लाज वाटली, म्हणून मी खिडकीकडे तोंड करून चोरून प्यायले.

वाटेत तिनं म्हातारीची हकिकत सांगितली. गावात दत्तोबा म्हणून एक शेतकरी. शेती करून भोसरीच्या एका कंपनीत कामाला जातो. त्याची कांद्याची वखार (कांदा साठवायची लांबच लांब खोली) रिकामी पडली होती, ती शाळेला द्यायला तो एका पायावर तयार. पण वखार त्याच्या आईच्या, हौसाआजींच्या, नावावर. आजींनी आधी होकारही दिला होता. मग त्यांना कळलं, की ही बाई मुसलमान असून जेवायला घरात येणार. शिवाय ती बौद्धवाड्यात आधी जेवून आली आहे. झालं! आजींनी ठणकावलं, "चुलीपाशी यायचं न्हाई. भायेर ओट्यावर पानात घालीन." जुबेदानं नकार दिला. म्हणून आजींची नात सुमन शाळेत नाही, आणि आजींचा शब्द नाही म्हणून वखार नाही.

"ओट्यावर बसून खाल्लं असतंस तर काय बिघडलं असतं?" मी म्हटलं. "शाळा तरी उभी राहिली असती."

"शांताबाईंच्या चुलीपाशी जेवले आणि इथं ओट्यावर जेवले, तर मिलिंदला काय सांगू?"

मी खिडकीबाहेरचे भुईमुगाचे ढीग मोजायला लागले.

वखारीपाशी पोचलो. आत कांद्याचा असा उग्र वास, की मला दोन मिनिटांत रडू कोसळलं. "पोरं पहिल्या दिवशी शाळेत रडतातच," जुबेदा म्हणाली, "इथं निदान कारण तरी असेल." एवढ्यात दत्तोबा धावतपळत आला. आम्ही येणार म्हणून कामावर रजा टाकलेली, तोंडावर हसू मावत नव्हतं.

"चला बाई! आई बोलावतीया. आत, चुलीपाशी! जेवायला!"

हा चमत्कार कसा झाला, तेही त्यानंच सांगितलं. गावातली एकेक करून सगळी घरं जुबेदाला जेवू घालून मोकळी झाली होती. काल पाणवठ्यावर कुणी बाई हौसाआजींना म्हणाली, "तुमच्याच घरी न्हाई व्हय जेवल्या बाई? आगं बया!" गावात पहिल्या पंगतीचं घर, आणि तेच वगळलेलं! म्हातारीला रात्रभर झोप नाही. पहाटे उठून मासवडी केली.

मासवडी म्हणजे या बाजूचा मोठा थाट. बेसनाच्या शिजवलेल्या पोळीत खोबरं, तीळ, कांद्याचं तिखट सारण भरायचं, गुंडाळायचं, वड्या कापायच्या आणि झणझणीत रश्श्याबरोबर खायच्या. नावात मासा असला तरी मासा औषधालाही नसतो. करताना कंबरडं मोडतं, म्हणून ती फक्त मानाच्या पाहुण्याला.

आत गेलो. सारवलेली जमीन, दोन पाट, दोन ताटं, भोवती रांगोळी. चुलीशी हौसाआजी. काळी, काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. समोर परकर सावरत सुमन बसलेली. आजी जुबेदाकडे न बघताच म्हणाल्या, "बसा. गार होतंय."

आणि मला एकदम आठवलं. रोजा! भर दुपारी बारा वाजता!

मी जुबेदाच्या कानाशी लागले. "खाऊन टाक. तू प्रवासात आहेस, प्रवासात सूट असते म्हणतात. नंतर धर एखादा जास्तीचा."

"कासारवाडी ते चाकण म्हणजे प्रवास होय?" ती म्हणाली आणि सरळ म्हाताऱ्या बाईपुढे हात जोडून उभी राहिली. "आजी, तुम्ही आत बोलावलंत, मला फार बरं वाटलं. पण माझा रोजा आहे. दिवस मावळेपर्यंत मला खाता येत नाही."

दत्तोबाचा चेहरा खर्रकन उतरला. "आवो बाई, सहा म्हैने ती न्हाई म्हनत हुती, आन आता..."

"तू गप," आजी म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांनी जुबेदाला नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पानीबी न्हाई?"

"पाणीही नाही."

"च्याबी न्हाई? आन असं किती दिस?"

"महिनाभर."

आजींनी तवा चुलीवरून खाली उतरवला. मला वाटलं, आता उठवतात आम्हाला. पण त्या एकदम तोंडाला पदर लावून हसल्या. "आज माजीबी एकादशी हाय. पर आमची एकादशी म्हंजे दुप्पट खाशी! साबुदाना हाय, रताळी हाय, च्या तर इचारूच नगं." मग हसू आवरून त्यांनी हुकूम सोडला. "दिस बुडल्याबिगर ह्यांनी उंबरा वलांडायचा न्हाई. आन वाढलेलं ताट माघारी जात नसतं. तू बस गं पाव्हने."

पाव्हणी म्हणजे मी. दोन उपाशी बायका, एक आशाळभूत पोरगी आणि मध्ये मी एकटी जेवते आहे. असा प्रसंग वैऱ्यावर येऊ नये. त्यातून पहिला घास घेतला आणि कळलं, रश्श्यात मीठच नाही. सारणातही नाही. एकादशी असल्यामुळं म्हातारीनं चव न बघताच सगळं केलं होतं.

"कसं झालंय?" आजींनी विचारलं.

"फक्कड!" मी म्हटलं. त्याची शिक्षा म्हणून दुसरं ताटही संपवावं लागलं.

दुपारी आम्ही पडवीत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो. आजींचा चहा सुनेनं आणून ठेवला होता. आजींचे प्रश्न संपेनात.

"पोरींला नमाज शिकवनार का?"

"नमाज माझा माझ्या घरी. शाळेत खोटं बोलू नये, दुसऱ्याचं घेऊ नये, आपलं ताट आपण घासावं, हे शिकवणार."

"हे तर मीबी सांगती. त्याला शाळा कशापाई?"

"तुम्ही सांगता ते सुमन ऐकते का?"

आजी नातीकडं बघून म्हणाल्या, "कवाच न्हाई." सुमन खुदकन हसली.

आजी उठून आत गेल्या, तशी मी जुबेदाला कोपरानं ढोसलं. "ऐक. रस्सा अळणी आहे, मासवडीपण. मी फक्कड म्हणून बसलेय. तूही मुकाट्यानं खा आणि फक्कड म्हण. वखार पदरात पडू दे, मग कर काय सत्यनारायण करायचा तो."

"बघू," ती म्हणाली. हिचं 'बघू' मला कॉलेजपासून ठाऊक आहे. माझ्या हातातली शेंग फुटेचना.

ऊन कललं. हौसाआजींचं लक्ष सारखं आभाळाकडं. "सुमे, बुडला का बघ!" सुमन अंगणात पळायची, "न्हाई अजून!" दोनदा तर आजीच म्हणाल्या, "बुडला की!" आणि जुबेदा म्हणाली, "अजून थोडं." शेवटी डोंगराआड दिवस गेला. आजींनी एकादशीच्या डब्यातला खजूर काढून तिच्या हातावर ठेवला. जुबेदानं तो ओठांशी नेला, पाणी प्यायली. तेव्हा आजींनी स्वतःचा तांब्या उचलला आणि घटाघटा एका दमात रिकामा केला.

"आये, दिवसभर पानी न्हाई प्यालीस?" दत्तोबा ओरडलाच. मी वळून पाहिलं. पडवीत चहाचा कप तसाच, वर साय धरलेला.

"पाव्हनी तहानंली असताना माज्या नरड्याखाली उतरंल व्हय?" आजी म्हणाल्या. जुबेदानं मान खाली घातली. तिला रडताना मी आयुष्यात दोनदाच पाहिलंय, त्यातली ही एक वेळ.

मग चुलीपाशी ताट वाढलं. आजींनी रताळं घेतलं आणि तिच्या शेजारीच टेकल्या. जुबेदानं भाकरी मोडली, घास घेतला.

"कसं झालंय?" आजी.

"मासवडी सुरेख वळलीय, आजी," जुबेदा म्हणाली. "पण मीठ घालायचं राहिलंय."

दत्तोबानं डोळे मिटले. मी तर मनातल्या मनात साताऱ्याची गाडी पकडली. आजी उठल्या, फळीवरून मिठाची बरणी काढली आणि तिच्या पानात स्वतःच्या हातानं चिमूटभर मीठ वाढलं. मग कमरेवर हात ठेवून माझ्याकडं वळल्या.

"तू दोन ताटं हानलीस. तुला कळलं न्हाई?"

सुमन फिदीफिदी हसत होती.

"दत्तू," आजी म्हणाल्या, "वखारीची किल्ली हिला दे. पोरगी बी हिच्या हवाली. खरं बोलती. फकस्त ह्या दुसरीला शाळंत ठिवू नगं."

शेवटची एस.टी. चुकली ती चुकलीच. मुक्काम आजींकडंच झाला, आणि सकाळी भुईमुगाच्या शेंगांचं गाठोडं माझ्या डोक्यावर देऊन त्यांनी निरोप दिला. एस.टी.त जुबेदा खिडकीला डोकं टेकून झोपून गेली. मुठीत वखारीची किल्ली होती. बारा वर्षं ही बाई अशी घरोघर जेवत हिंडली आणि आम्ही साताऱ्यात बसून तिची काळजी करत राहिलो, हे आठवून मला हसूही आलं आणि माझ्या मैत्रिणीचा अभिमानही वाटला.

साताऱ्याला आले तेव्हा काकू वाटच बघत होत्या. वर्णन ऐकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मासवडी कशी करतात गं?" मी कृती सांगितली. शेवटी मीठ घालायला विसरू नका, हेही सांगितलं.

दसऱ्याला शाळा उघडली. दिवाळीत जुबेदा चार दिवस माझ्याकडे आली. फराळाचं ताट पुढ्यात आल्यावर तिनं पिशवीतून एक लहानशी पुरचुंडी काढून माझ्या हातात ठेवली. "हौसाआजींनी दिलंय. म्हणाल्या, त्या दुप्पट खाशीला दे."

सोडून पाहिलं. खडेमीठ होतं.

"चकली कशी झालीय?" मी जुबेदाला विचारलं.

"कडक आहे," ती म्हणाली आणि आणखी एक उचलली.

ते मीठ मी वापरलेलं नाही. फळीवर ठेवलंय, छडीच्या कपाटाची किल्ली ठेवते तिथंच. ती किल्लीही दिवाळीपासून वापरलेली नाही.