समासातली टीप

जाधवसाहेब गेल्याचं मला बेलापूरच्या कचेरीत कळलं. शिपाई दारातूनच म्हणाला, "बाई, तुमचे जाधवसाहेब गेले." मी हातातली रेघ पुरी केली आणि मग उठले. अर्धी रेघ सोडलेली त्यांना चालली नसती. त्याला आता महिना झाला.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीला इथे नवं शहर आखलं जात होतं, तेव्हा ते सर्वेक्षक होते आणि मी ट्रेसर, कच्च्या नकाशावरून शाईने पक्का नकाशा काढणारी. विमानातून काढलेले दोन फोटो शेजारी ठेवून ते जोडभिंगातून बघायचे, की सपाट कागदावर डोंगर उभा राहायचा. दिघ्याच्या डोंगरावरचं पाणी कुठून उतरतं, कुठे अडवायचं, कुठे घरं बांधू नयेत, हे त्यांना नकाशावर आणायचं होतं. पण फोटो उन्हाळ्यातले. कोरडा ओढा त्यात पायवाटेसारखाच दिसे. म्हणून ते प्रत्येक वाट चालून बघत आणि गावात विचारत. एका आजीने त्यांना सुनावलं होतं, "ही वाट नाय रं, व्हाल हाय. पावसात ये, मंग बघ तुजी वाट."

कच्च्या नकाशाच्या समासात त्यांनी पेन्सिलीने लिहिलं, 'वाट नाही, ओढा.' त्यावर ट्रेसिंगचं कापड ताणून मी पायवाटेची तुटक रेघ शाईने ओढली. माझ्यावर विश्वास ठेवून त्यांनी सही केली. टीप मला दिसली ती कापड प्रतींसाठी खाली पाठवल्यावर. धावत जाऊन थांबवता आलं असतं. पुढच्या दुरुस्तीत बघू, असं म्हणून मी गप्प बसले... पुढची दुरुस्ती झालीच नाही.

त्या रेघेवर मजुरांच्या झोपड्या बसवल्या गेल्या. दुसऱ्या पावसाळ्यात ओढा आपल्या जागी आला. एक बाई आणि तिचं तान्हं मूल खाली खाडीच्या चिखलात सापडलं.

चौकशीत साहेब एवढंच म्हणाले, "सही माझी आहे." त्यांची बढती कायमची थांबली. बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "टीप दिसली होती ना?"

"हो. नंतर."

"किती नंतर?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "यापुढे समास मोठ्याने वाचायचा. मी ऐकल्याशिवाय सही करणार नाही."

ते निवृत्त होईपर्यंत मी वाचत राहिले. अजूनही वाचते. नव्या मुली हसतात.

परवा त्यांच्या मुलीने एक गुंडाळी आणून दिली. "बाबांच्या कपाटात होती. तुमचं नाव आहे वर." तोच कच्चा नकाशा. चौकशीत तो पुढे ठेवला असता तर ते सुटले असते. रेघ कोणी ओढली हे चौकशीच्या कागदपत्रांत कुठेच नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

समासातली पेन्सिल पुसट झालेली नाही. मी नकाशा टेबलावर पसरला आणि टीप मोठ्याने वाचली.