कानातला फाया

माझी नोकरी माझ्या नवऱ्याने परस्पर बदलून टाकली. दुबईतल्या एका हॉटेलच्या रेस्टॉरंटमध्ये मी पाहुण्यांना वाइन सुचवते, बाटली उघडते, ओतते. सहा वर्षं हेच करते आहे आणि चांगलं करते. पण शारजातल्या आमच्या अल नहदाच्या बिल्डिंगमध्ये, गणपतीत भेटणाऱ्या मंडळींत आणि साताऱ्याला त्याच्या घरी मी ‘हॉटेलात अकाउंट्सला’ असते. कोणी खोलात शिरलंच तर माझ्याआधी तोच बोलतो, “बॅक ऑफिस आहे तिचं, गेस्टशी काही संबंध नाही.” हा माणूस दर शनिवारी हद्दीपलीकडे दुबईत मित्राकडे जाऊन व्हिस्की पितो. त्याने प्यायलेली चालते, मी ओतलेली चालत नाही. हे लिहितानाही तळपायाची आग मस्तकात जाते आहे.

मागच्या वर्षी मी वाइनच्या परीक्षेला बसले. पास झाले तर रेस्टॉरंटची वाइनची सगळी निवड माझ्याकडे येणार होती. परीक्षेत नाव झाकलेले ग्लास समोर ठेवतात आणि वासावरून, चवीवरून ओळखायला सांगतात. माझं घोडं अडायचं ते एकाच ठिकाणी, गेवुर्त्सट्रामिनरपाशी.

नाव उच्चारतानाच दमछाक होते. फ्रान्सच्या पूर्व टोकाला, जर्मनीला चिकटून असलेल्या अल्सासची ही पांढरी वाइन, आणि तिचं नाव तिच्या द्राक्षाचंच. द्राक्ष मात्र पांढरं नाही, सालीला गुलाबी-तपकिरी झाक असते. आंबटपणा बेताचाच, जिभेवर जरा जाड, तेलकट. वास असा की ग्लास तोंडाशी न्यायच्या आतच नाकात शिरतो. पुस्तकात लिहिलं होतं लिची, गुलाब, आलं. पण शेजारी मस्कॅट नावाच्या द्राक्षाची वाइन ठेवली की तिलाही फुलांचाच वास, आणि मी दर वेळी गडबडायचे.

घरी सराव करायची सोय नव्हती. आमच्या बिल्डिंगसमोरचा रस्ता ओलांडून थोडं पुढे गेलं की दुबई. तिथे वाइन म्हणजे जेवणाचा भाग, रस्त्याच्या अलीकडे, शारजात, गुन्हा. म्हणून मी जॅमच्या रिकाम्या बरण्या घेतल्या आणि एकीत लिचीच्या डब्यातला पाक, दुसरीत गुलाबपाणी, मग किसलेलं आलं, सुक्या पाकळ्या, ठेचलेली द्राक्षं असं भरून ओट्यावर मांडलं. सासूबाई तेव्हा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. त्यांनी विचारलं, हे काय गं? मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, “सरबताचा प्रयोग चाललाय तिचा.” मी मान डोलावली.

सासूबाईंना तो प्रयोग फार आवडला. दुपारी मुलगी शाळेत, नवरा ऑफिसात, आणि माझी ड्यूटी संध्याकाळची किंवा सुट्टी. मी डोळे मिटून बसायचे आणि सासूबाई बरण्यांची अदलाबदल करून एकेक माझ्या नाकाखाली धरायच्या. त्यांचं नाक माझ्यापेक्षा कितीतरी तयार होतं. गुलाबपाणी बाजारातलं इसेन्स घातलेलं आहे हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं आणि मला दुसरं आणायला लावलं. “घाई करतेस,” त्या म्हणायच्या. “गुलाब लगेच येतो. त्याच्यामागून काय येतंय ते थांबून बघ की.” लग्नाला दहा वर्षं झाली होती, पण आम्ही दोघी इतक्या हसलो नव्हतो कधी.

परीक्षा पाच दिवसांवर आली तेव्हा मी ते केलं. हॉटेलात एका बाटलीच्या तळाशी उरलेल्या गेवुर्त्सट्रामिनरमध्ये कापसाचा बोळा बुडवला, घट्ट झाकणाच्या डबीत घातला आणि पर्समध्ये टाकून हद्द ओलांडली. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दुपारी डबी सासूबाईंपुढे धरली आणि म्हटलं, हा नवीन अर्क आहे.

त्यांनी खूप वेळ वास घेतला. “हे सगळ्यात सुरेख आहे. आधी गुलाब, मग लिची. आणि शेवटी बघ, आलं कसं जरासं झोंबतं.” मी वहीत लिहून घेतलं. तेच तर मला सापडत नव्हतं. मस्कॅटमध्ये ते झोंबणं नसतं. मी आनंदाने त्यांना मिठी मारली आणि मुलीला बसस्टॉपवरून आणायला खाली गेले.

संध्याकाळी त्यांनी देवापुढे दिवा लावला, आरती म्हटली. नवरा नुकताच आला होता, बूट काढत होता. मुलगी आजीच्या मांडीवर बसली आणि मान वर करून म्हणाली, “मम्मा, आजी स्मेल्स लाइक युवर वर्क.”

नवरा उठून आईजवळ गेला, वाकला. त्यांच्या कानाच्या वळीत कापूस होता. अत्तराचा ठेवतात तसा माझा बोळा त्यांनी फाया करून ठेवला होता आणि तसाच ठेवून आरती केली होती.

“खलास,” नवरा म्हणाला. “आर यू मॅड? शारजात वाइन आणलीस घरात? आणि आईच्या कानात? देवापुढे?”

देव त्याला आत्ता आठवले. मग माझाही तोल गेला. मुलगी समोर होती तरी मी थांबले नाही. “हो, वाइन आहे ती. आई, मी अकाउंट्सला नाही, कधीच नव्हते. मी लोकांना वाइन देते, त्याचीच परीक्षा आहे माझी. आणि हा तुमचा मुलगा, ज्याला माझ्या कामाची लाज वाटते, तो दर शनिवारी व्हिस्की पितो.”

सासूबाईंनी फाया काढून मुठीत धरला. “तो पितो ते मला माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “त्याचे वडीलही घ्यायचे. आणि तुझी नोकरी म्हणजे काही चोरी नव्हे.” मी जिंकल्यासारखं नवऱ्याकडे पाहिलं. तेव्हा त्या माझ्याकडे वळल्या. “त्याने लपवलं, कारण तो लहानपणापासून लोकांना भितो. पण दुपारी तो घरात नव्हता. महिनाभर आपण दोघीच होतो ना? तू का नाही सांगितलंस?”

नवऱ्याच्या नावाने ओरडायला माझ्याकडे पुष्कळ होतं. या प्रश्नाला त्यातलं काहीच लागू पडेना.

“सांगितलं असतं तर तुम्ही वास घेणं सोडलं असतंत,” मी म्हटलं. “मला पास व्हायचं होतं.”

“मला विचारून तरी बघायचंस.”

त्या आत गेल्या आणि साबणाने कान धुतला. बराच वेळ नळ चालू होता. त्यानंतर बरण्यांना त्यांनी हात लावला नाही, मीही मांडल्या नाहीत.

निकाल आला तोवर त्या साताऱ्याला परतल्या होत्या. पास झाले, चांगल्या गुणांनी. पहिला फोन त्यांनाच केला. त्यांच्यामुळे जमलं, हे सांगायचं मी आदल्या दिवसापासून ठरवलं होतं.

“पास झालीस का? छान झालं,” त्या म्हणाल्या. “आता फोन त्याला दे.”