साडूंचा बंद अ‍ॅम्प्लिफायर

आमच्या साडूंइतका लग्नकार्याचा अपमान करणारा माणूस अख्ख्या बडोद्यात दुसरा सापडायचा नाही. नवरा-नवरीकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. अक्षता मुठीत घेऊन थेट ऑर्केस्ट्राच्या स्टेजमागे जातात आणि तिथल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीशी गुडघे टेकून बसतात. माझ्या पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हे गिटारवाल्याला विचारत होते, की ह्याच्या आधीचा कुठला होता आणि तो कुणाला दिलात. सगळ्यांच्या अक्षता वधूवरांवर पडल्या, ह्यांच्या त्या गिटारवाल्याच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीवर. ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, तेव्हापासून लग्नात त्यांच्या शेजारी उभी राहत नाही.

साडूंचा जन्म रिफायनरीत मीटर दुरुस्त करण्यात गेला. निवृत्त झाल्यावर चारचौघांसारखं कमाटीबागेत फिरायला जावं, की नाही? नाही. एके काळी परदेशी अ‍ॅम्प्लिफायर मिळायचे नाहीत, तेव्हा बडोद्याच्या कडेला गोरव्याला, छाणीला पत्र्याच्या शेडमध्ये एकेकटे कारागीर गिटारचे आणि बेसचे, काचेच्या व्हॉल्व्हवाले अ‍ॅम्प्लिफायर बनवायचे. कुणी दहा बनवले, कुणी पंधरा, आणि पुढे मिक्सर-पंखे दुरुस्त करायला लागले. हे अ‍ॅम्प्लिफायर शोधत साडू स्कूटरवरून हिंडतात आणि मागे मला बसवतात. माळे, देवळांच्या कोठ्या, बंद पडलेले स्टुडिओ, काही म्हणून सोडत नाहीत. एकदा तर सांत्वनाला गेलो त्या घरी, सगळे मान खाली घालून बसलेले असताना, ह्यांची मान मात्र माळ्याकडे! मागची फळी उघडली की आतला सोल्डरचा एकेक डाग निरखतात आणि सांगतात, "हा हात छाणीच्या डावखुऱ्या कारागिराचा." मला आतलं शष्प कळत नाही, पण मी मान डोलावतो.

त्यांची एक तऱ्हा होती. मालक म्हणाला, "काका, बंध छे," की साडूंचा चेहरा खुलायचा. मालक म्हणाला की चालू आहे, तर परतीच्या वाटेवर गप्प. मला वाटायचं, माणूस उफराटाच आहे. एकदा चिडून विचारलं, तर म्हणाले, "बंद म्हणजे कुणी हात लावलेला नाही. चालू असेल तर कुणीतरी शहाण्याने आत बोटं घातलेली असतात." मग घरी आणून ते त्याला एकदम वीज द्यायचे नाहीत. मध्ये एक बल्ब लावून थोडी थोडी द्यायचे. आठ-आठ दिवस हे चाले. ताईच्या हळदीकुंकवाच्या बायका अशाच जाग्या होणाऱ्या पेट्यांवर बसून कॉफी पीत, कारण घरात सोफा उरलाच नव्हता.

पेटी एकदाची बोलती झाली की साडू आतून एक जुनी बेस गिटार आणत. वाजवता त्यांना येत नाही. चार सूर येतात, तेवढेच. ते वाजवायचे, कान द्यायचे आणि म्हणायचे, "नाही. हा नाही."

ते चार सूर त्यांना धाकट्या भावाने शिकवले होते. गिटारही त्याचीच. तो गरब्याच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचा. त्याचा अ‍ॅम्प्लिफायर गोरव्याच्या एका कारागिराने बनवलेला, पुढच्या पट्टीवर त्या कारागिराच्या मुलीचं नाव, 'ऊर्मिला'. ऐन नवरात्राच्या तोंडावर भाऊ काविळीने गेला. तेरावं झालं आणि ऑर्केस्ट्रावाले दारात उभे: कार्यक्रम ठरलेत, पेटी तेवढी द्या. साडूंना राग आला. ते म्हणाले, घेऊन जा, मला ती घरात नको. पेटी गेली, ऑर्केस्ट्रा मोडला, माणसं पांगली. भावाची एक कॅसेट आहे, पण तिच्यात नुसती गाणारी बाई ऐकू येते. साडूंना भाऊ परत मिळणार नव्हता हे त्यांनाही कळत होतं हो. त्यांना ते चार सूर त्या पेटीतून एकदा ऐकायचे होते. बाकी सगळ्या पेट्या वाटेत सापडलेल्या.

आणि ती सापडली. करजणच्या माझ्या एका ओळखीच्या दुकानदाराने मोबाइलवर फोटो पाठवला. तिथल्या भजन मंडळाच्या कोठीत, सतरंज्यांखाली. पट्टीवर 'ऊर्मिला', आणि मागच्या फळीवर कंपासच्या टोकाने कोरलेलं भावाचं नाव. साडूंनी तो फोटो बोटांनी मोठा करून करून पाहिला. त्या दिवशी ते जेवले नाहीत. रविवारी भाड्याची गाडी करून जायचं ठरलं.

आता माझं शहाणपण ऐका. मला धास्ती वाटली, की इतक्या वर्षांनी पेटी मिळाली आणि तिने आवाजच केला नाही, तर हा माणूस कोलमडेल. म्हणून मी गुपचूप दुकानदाराला फोन केला. म्हटलं, आमचे साडू फार आशेने येताहेत, तेवढी पेटी चालू करून ठेवा. इतकी वर्षं त्यांच्यामागे स्कूटरवर बसलो, आणि हे बोललो.

करजणला मंडळाची तीन वडीलधारी माणसं धुवट कपडे घालून आमची वाट पाहत होती. पेटी पुसून पाटावर ठेवलेली, वर कुंकू आणि झेंडूचं फूल. त्यातले एक काका अभिमानाने म्हणाले, "साहेब, अंदरथी एकदम नवुं करी दीधुं छे." साडूंनी मागची फळी काढली. आत हाताच्या तळव्याएवढी हिरवी सर्किटची पट्टी होती. व्हॉल्व्ह नाहीत, जडशीळ ट्रान्सफॉर्मर नाही. स्पीकरसुद्धा नवा. जुनं सामान कुठे, एवढंच त्यांनी विचारलं. काका हसून म्हणाले, ते भंगारात दिलं, किती जड होतं!

साडूंनी त्या रिकाम्या खोक्यात एकदा हात फिरवला. मग फळी नीट बसवली, स्क्रू आवळले, आणि हात जोडून म्हणाले, "बहु सरस कर्युं, काका." त्यांनी गिटार जोडून ते चार सूर वाजवले. स्वच्छ, मोठा, कुणाचाही असावा असा आवाज. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. जेवल्याशिवाय सोडलं नाही, आणि साडूंनी पानातलं सगळं संपवलं. पेटी मंडळाने आम्हाला भेट म्हणून गाडीत ठेवून दिली.

हायवेवर चहाला थांबलो तेव्हा साडू पहिल्यांदा बोलले. म्हणाले, "साडभाऊ, कालपर्यंत तो आवाज मला आठवत होता. नीट आठवत होता. आज हा ऐकला, आणि आता आठवायला गेलं की हाच येतो."

मी चहाचे पैसे दिले. माझ्या त्या फोनचं तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. नंतर दोनदा सांगायच्या तयारीने गेलो आणि ताईच्या हातचं थालीपीठ खाऊन परत आलो. ते रागावतील ही भीती नाही मला. ते माझीच समजूत घालत बसतील, ती आहे.

परवा त्यांचा फोन आला. छाणीला कुणाच्या तरी माळ्यावर एक पेटी आहे म्हणे, बंद. मी म्हटलं, आता कशाला? तर म्हणाले, "या हो. ह्यातलं कळणारं माझ्याकडे तुमच्याशिवाय दुसरं कोण आहे?"

थोड्याच वेळात खाली स्कूटरचा हॉर्न वाजला. मी जिना उतरलो आणि त्यांच्या मागे बसलो.