चाकूरच्या मुलीचे कापलेले दोन गुण

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. लातूरच्या क्लासमध्ये मी गणित शिकवायचो, तिथल्या आठवणी नांदेडला घरी बसून सगळ्यांना मीठमसाला लावून सांगतो. ही आली की विषय बदलतो. नातवंडांना सांगितली तीही अर्धीच, हसण्यापुरती.

हसण्याचा भाग असा. लेकीनं अमेरिकेतून आलेख काढणारा कॅल्क्युलेटर आणला. असमीकरण, म्हणजे ‘यापेक्षा कमी’ किंवा ‘यापेक्षा जास्त’चं गणित, टाकलं की इवल्याशा पडद्यावर रेघ उमटायची आणि उत्तरात बसणारी बाजू हळूहळू काळी होत जायची. नवरी बघायला यावं तशी मुलं जमायची. मी तो रुमालात गुंडाळून न्यायचो आणि कुणी बटणाला बोट लावलं की खेकसायचो. तोवर आमचं सगळं आलेखवहीत, पेन्सिलनंच चालायचं.

क्लासची रीत कडक होती. शनिवारी चाचणी, सोमवारी भिंतीवर यादी. वरचे साठ जण सकाळच्या बॅचला, बाकीचे संध्याकाळच्या. चाकूरहून एसटीनं येणारी एक मुलगी साठाच्या काठावर होती. संध्याकाळची बॅच मिळाली, परतायला रात्र होऊ लागली तर क्लास बंद, असं वडिलांनी तिला बजावलं होतं. हे तिनंच मला सांगितलं होतं.

त्या शनिवारी 3x − 2y < 6 विचारलं होतं. कॅल्क्युलेटरला डावीकडे y एकटा लागतो. आठवडाभर मी मुलांना तेच शिकवलं, आणि वजा दोननं भागल्यावर चिन्ह उलटवायचं मीच विसरलो. यंत्रानं इमानदारीत चुकीची बाजू काळी केली. मुलांनीही माझ्यामागोमाग तीच केली. वेगळी बाजू रंगवली फक्त तिनं. मी दोन गुण कापले आणि ती बासष्टावी आली.

सोमवारी ती वही घेऊन उभी राहिली.

"सर, x-yच्या जागी शून्य-शून्य टाकून बघा की. शून्य सहापेक्षा कमीच हाय. मग शून्याची बाजू रंगवायची न्हाई का?"

"मग मशीन खोटं बोलतंय का?" मी म्हणालो.

मागच्या बाकावरून एकानं टोमणा मारला, "चाकूरची पेन्सिल अमेरिकेशी भांडून राहिली, सर." वर्ग हसला. मीही हसलो. ती वही मिटून बसली.

दुसऱ्या दिवशी घरी चहा पिताना मी कागदावर गणित सोडवलं आणि कप तसाच राहिला. यादी बदलता आली असती. पण साठ पोरांसमोर काय सांगणार, या विचारानं गप्प बसलो.

वडिलांनी क्लास बंद केला नाही, हे माझं नशीब. कुरकुरत का होईना, ते रोज रात्री चाकूरच्या स्टँडवर तिला घ्यायला यायचे. इकडे तिनं अख्ख्या दुसऱ्या बॅचला शून्य-शून्य टाकायला शिकवलं. पुढच्या चाचणीत मी बरोबर बाजूलाच गुण दिले, आणि त्या बॅचनं पहिलीला धूळ चारली. मी पेढे वाटले. कारण मात्र सांगितलं नाही.

गेल्या वर्षी नांदेडच्या बाजारात ती भेटली. आता मुदखेडला शाळेत गणित शिकवते. भर रस्त्यात पाया पडली आणि नवऱ्याला म्हणाली, "या सरांमुळं मला गणित आवडलं." वाक्य माझ्या ओठांवर होतं. मी विचारलं, "मुदखेडची गाडी किती वाजता आहे?" तिनं वेळ सांगितली, आणि दोघं गेले.

वाक्य एवढंच होतं: बाई, तुझं उत्तर बरोबर होतं, चूक माझी होती, आणि ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, मला माफ कर.