खुंटीवरचा मुकुट

१५ सप्टेंबर २००६, शुक्रवार. विश्रांतीचा पहिला दिवस, आणि मी जर्मनीतल्या एका गोठ्याबाहेर बाकावर बसून कालवडीसाठी मुकुट बांधत होते.

विश्रांतीची कल्पना माझ्या मुलीची. केतकी बॉबलिंगेनला राहते, जावई गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर आहे. तिच्याकडे आल्यापासून मी तिचे पडदे शिवून दिले, डब्यांना चिठ्ठ्या लावल्या, स्वयंपाकघराची मांडणी बदलली. तेव्हा तिच्या लक्षात आलं की आईला बदल हवा आहे. नेमका कुणाला हवा आहे, हे मी विचारलं नाही. जावयाला रजा नव्हती. "गेनाऊ! अगदी बरोबर! तुम्ही दोघीच जाऊन या, आई," असं तो इतक्या आनंदानं म्हणाला की मी लगेच बॅग भरली.

आम्ही आलो ते दक्षिणेला आलगॉय नावाच्या डोंगराळ भागात, एका कुटुंबाच्या हॉफवर (गुरांचा गोठा आणि राहतं घर एकाच छपराखाली असलेलं शेतघर). दारावरच्या तुळईवर १६८४ साल कोरलेलं होतं. तेव्हापासून हेच कुटुंब इथं गुरं पाळतं, असं माहितीपत्रकात अभिमानानं लिहिलं होतं. इतकी वर्षं गुरं पाळण्याच्या नादात पाहुण्यांच्या बाथरूमकडे बघायला कुणाला सवड झालेली दिसली नाही. त्याच पत्रकात 'निर्मळ हवा' असंही होतं. हवेत शेण होतं. शेणाला माझी हरकत नाही, पण त्याचा वास घ्यायला आगाऊ बुकिंग करून आलेली माणसं मी पहिल्यांदाच पाहिली. सगळ्या खोल्या भरल्या होत्या.

कारण शनिवारी फीशाइड होता. उन्हाळाभर डोंगरावरच्या कुरणात (याला इथं आल्प म्हणतात) ठेवलेली गुरं त्या दिवशी वाजतगाजत गावात उतरतात. सर्वांत पुढे फुलापानांचा मुकुट घातलेली कालवड. माहितीपत्रकावर तिचाच फोटो होता आणि पाहुणे तिलाच बघायला आले होते.

मुकुट बांधायचं काम घरच्या ओमाचं, म्हणजे आजीबाईंचं. ऐंशीच्या घरातल्या, ताठ कण्याच्या बाई. बोटं मात्र सांध्यांत आखडलेली. देवदाराच्या डहाळ्या तारेला बांधताना त्यांची दर दुसरी गाठ सुटत होती. मी थोडा वेळ पाहिलं आणि त्यांच्या हातातून तार काढून घेतली. बिघडणारं काम मला बघवत नाही. त्यांनी माझ्याकडे रागानं पाहिलं, मग माझ्या हातांकडे पाहिलं. मी गजऱ्याची गाठ मारत होते. त्यांनी मुकाट्यानं पुढची डहाळी दिली.

"मधोमध हा आरसा लावायचाय," केतकीनं भाषांतर केलं. "वाईट नजर उलटी फिरावी म्हणून."

"म्हणजे हेही आपल्यातलेच," मी म्हटलं. "विमान बनवतात आणि दृष्टही काढतात."

"आई, मी हे सांगणार नाहीये त्यांना."

मग ओमांनी नियम सांगितला. उन्हाळाभरात वर एकही जनावर दगावलं नाही, तरच मुकुट. एक जरी गेलं, तरी नाही. गेली दोन वर्षं त्यांचा कळप मुकुटाशिवाय उतरला होता. एकदा वीज पडून कालवड मेली, एकदा आजारानं. दोन्ही वर्षी बांधलेला मुकुट त्यांनी स्वतःच्या हातांनी सोडला होता.

"आणि यंदा?"

"यंदा सगळ्या धडधाकट," केतकी म्हणाली. "त्यांचा मुलगा आलोइस वरच आहे, उद्या घेऊन उतरेल. त्या म्हणतायत, पुढच्या वर्षी हात किती चालतील सांगता येत नाही. यंदाचा चढायलाच हवा."

संध्याकाळपर्यंत मुकुट तयार झाला. वजन भरल्या कुकरएवढं. रात्री जेवायला कॅसश्पात्सन होतं, म्हणजे चीजमध्ये बुडवलेल्या कणकेच्या जाड शेवया. मला ते आवडलं, हे केतकीला सांगितलं नाही. आलोइसची बायको झाबीना पाहुण्यांची व्यवस्था बघायची. सकाळी आपण मुकुट गाडीतून गावाबाहेरच्या वळणापर्यंत नेणार आणि तिथं तो लोटे नावाच्या कालवडीला चढवणार, असं तिनं सगळ्यांना सांगितलं. कॅमेरे चार्ज करून ठेवा, असंही सांगितलं.

शनिवारी मी खाली आले तेव्हा फोन वाजत होता. झाबीना त्यावर हळू आवाजात बोलली आणि गाडी घेऊन निघून गेली. ओमा खिडकीशी बसल्या होत्या. मी "गुटेन मॉर्गन" म्हटलं, उत्तर आलं नाही. जर्मन माणूस सकाळी बोलायचा नाही, हे मला एव्हाना कळलं होतं. थोड्या वेळानं त्या उठल्या, सणाच्या झग्यावर काळा स्वेटर चढवला आणि काठी घेऊन बाहेर पडल्या. सणाला काळं! पण कुणाच्या कपड्यांना नावं ठेवण्याइतकं जर्मन मला येत नव्हतं.

मग मला खुंटीवर मुकुट दिसला.

कचरा चार डब्यांत वेगळा करायला न विसरणारा देश आज मुख्य वस्तू घरी विसरला होता. मला जरा बरंच वाटलं. केतकी झोपलेली. मी मुकुट उचलला, बुटांच्या नाड्या आवळल्या आणि उतार धावत सुटले.

वळणावर शंभरेक माणसं होती. सलवार कमीज घातलेली एक बाई मुकुट पोटाशी धरून येते आहे, हे पाहून त्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही हात हलवला. तेवढ्यात घंटांचा आवाज आला आणि कळप दिसला. पुढे लोटे, डोक्यावर काही नाही. शेजारी आलोइस, टोपी हातात. गावची माणसं एकाएकी गप्प झाली. माझ्या पाठीमागे धापा टाकत केतकी पोचली.

"आई! ठेव तो खाली! आत्ता वाटेत कळलं, पहाटे उतरताना एक कालवड कड्यावरून पडली. मेली. ओमांनी मुद्दाम ठेवला होता तो घरी!"

खाली ठेवायला चिखल होता. मी तशीच उभी राहिले.

झाबीना मात्र माझ्याकडे पाहून उजळली. नवऱ्याला ती काय म्हणाली ते केतकीनं मला कानात सांगितलं. आता आलाच आहे तर घाल. उन्हाळा तर पार पडला होता, हे आज झालं. पाहुणे एवढ्या लांबून आलेत, त्यांना कोण सांगणार आहे? मला ते पटलं. एक दिवस राबून केलेली वस्तू वाया का घालवायची? आलोइसलाही पटलं असावं. त्यानं मुकुटाकडे हात केला आणि रस्त्याकडेला काठी टेकून उभ्या असलेल्या ओमांकडे पाहिलं.

ओमांनी त्याला विचारलं, "तिचं नाव काय होतं?"

"फ्रीडा."

"मग?"

आलोइसनं हात मागे घेतला. लोटे तशीच पुढे चालू लागली. ओमांनी मला काठीनं घराचा रस्ता दाखवला. त्याला भाषांतर लागलं नाही.

मी मुकुट घेऊन गर्दीच्या उलट दिशेनं चढ चढले. पाहुण्यांना फोटो हवा होता आणि मुकुट माझ्याकडे होता. त्या दिवशी कुठल्याही गाईपेक्षा माझे फोटो जास्त निघाले असतील. केतकी माझ्यापासून दहा पावलं मागे चालत होती, ओळख नसल्यासारखी.

रात्री जेवायला जायची माझी इच्छा नव्हती, पण भूक होती. ओमांनी पहिली थाळी माझ्यापुढे सरकवली. मग बराच वेळ मांडीवरच्या मुकुटाशी झटापट केली आणि केतकीला काहीतरी चिडून म्हणाल्या.

"आई, त्या म्हणतायत, दोन्ही वर्षी मी हा एका संध्याकाळी सोडला. तुझ्या गाठी सुटत नाहीयेत."

"सुटू नयेत म्हणूनच मारल्या होत्या," मी म्हटलं. याचं मात्र केतकीनं भाषांतर केलं. ओमा हसल्या नाहीत. मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, केतकी गाडीत सामान भरत होती तेव्हा, मी त्याच बाकावर बसून सगळ्या गाठी सोडवल्या. डहाळ्या चुलीत गेल्या. आरसा वर्तमानपत्रात गुंडाळला. तार सरळ करून वेटोळं केलं आणि खुंटीला अडकवलं. मग सुतळीच्या तुकड्यावर ओमांना ती गाठ दाखवली, आणि त्यांच्या आखडलेल्या बोटांना जमेपर्यंत उठले नाही. केतकीनं दोनदा हॉर्न वाजवला.